ग्रीसमध्ये फॅमिलीसोबत शिडाची बोट: बोट लहान घ्या, पण स्किपर घ्याच

जूनमध्ये आम्ही ग्रीसच्या आयोनियन बाजूला (म्हणजे पश्चिमेच्या समुद्रात) आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेतली होती. आता हिवाळ्यात अर्ली बुकिंगचे डिस्काउंट सुरू झालेत, त्यामुळे ओळखीतला जो तो विचारतोय कशी होती, घेऊ का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. आम्ही म्युनिकला असतो. आम्ही दोघं, दोन मुलं, पुण्याहून आलेले आई-बाबा आणि स्किपर, म्हणजे बोट चालवायला पैसे देऊन घेतलेला कप्तान. चार केबिनची 45 फुटी बोट, लेफ्काडा बेटाच्या मरीनातून (बोटींचा तळ), शनिवार ते शनिवार.

आधी एरिया. फोटो बघून सगळ्यांना सँटोरिनी-मिकोनोसलाच जायचं असतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे एजियनला, म्हणजे पूर्वेच्या समुद्रात, मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो तो कधी कधी दिवसचे दिवस थांबत नाही, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं घेऊन त्यात शिरायचं म्हणजे विकतचं दुखणं. आयोनियनला सकाळी वारा जवळपास नसतोच, इंजिनवर जायचं, दुपारी वायव्येचा सुटतो, शिडं उघडायची, संध्याकाळी पडतो. मेगानिसी, इथाका, केफालोनिया सगळं हाकेच्या अंतरावर, दोन-तीन तासांत पुढचं बंदर. आईला बोट लागेल म्हणून जाम टेन्शन होतं, तिने आलेपाकाच्या वड्या आणलेल्या, त्या शेवटी पोरांनीच फस्त केल्या.

आता स्किपर. लायसन्स नसेल तर ग्रीसमध्ये पर्यायच नाही, पण असलं तरी घ्या असं माझं मत. दिवसाला साधारण 200 युरो, वर त्याचं जेवणखाण आपल्याकडे, आणि एक केबिन त्याची धरायची. केफालोनियाचं फिस्कार्दो बघा, 1953 च्या भूकंपात बेटाची पार वाट लागली पण हे गाव वाचलं, जुनी घरं अजून उभी, त्यामुळे सगळे तिथेच येतात आणि दुपारीच धक्का फुल्ल. पुढे नांगर टाकून बोट रिव्हर्समध्ये धक्क्याला लावायची असते, म्हणजे नांगरांच्या पन्नास साखळ्या तळाशी एकमेकींवर. सकाळी आमच्या नांगराबरोबर शेजारच्याची साखळीही वर आली. स्किपरने शांतपणे तिच्याखालून दोर घातला, दोन्ही टोकं बोटीला बांधली, आपला नांगर जरा खाली सोडून मोकळा केला, मग दोराचं एक टोक सोडलं, साखळी गपकन परत पाण्यात. पलीकडच्या बोटीवर एक नवरा-बायको तेवढ्याच कामासाठी तासभर एकमेकांवर खेकसत होते.

बोटीवरचं राहणं म्हणजे हॉटेल नव्हे हं. टॉयलेटला हातपंप, कागद आत टाकायचा नाही, पाणी टाकीतलं, सात माणसांत दोन दिवसांत तळ दिसतो, म्हणून मुलांच्या अंघोळी समुद्रात आणि शेवटी मागच्या शॉवरचा एक फवारा. गॅसची शेगडी मात्र भारी, झुलती असते, बोट कलली तरी पातेलं सरळ. छोटा कुकर घेऊन गेलो होतो, खिचडीच्या शिट्टीला शेजारचे दचकायचे. रात्री बोट टॅव्हर्नाच्या (तिथली खानावळ) धक्क्यावर लावायची, बरेच ठिकाणी तिथे जेवलात तर लावायचे पैसे घेत नाहीत.

वैताग आला तो कंपनीचा, नाव घेत नाही. डिंगीचं (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) आउटबोर्ड इंजिन लगेच बंद पडलं, माणूस यायला दीड दिवस. वर बोट परत करताना मागच्या बाजूचा ओरखडा आमच्यावर ढकलून डिपॉझिट अडवलं. बोट ताब्यात घेताना बायकोने इंच न् इंच व्हिडिओ काढला होता त्यात तो ओरखडा स्वच्छ दिसतोय, तरी पैसे यायला सप्टेंबर उजाडला. तेव्हा व्हिडिओ काढाच, आउटबोर्ड समोर चालू करून घ्या, आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं बुकिंग करतानाच लेखी मागा.

पुढच्या वेळी अथेन्सजवळच्या सारोनिक आखाताचा विचार आहे, एजिना, पोरोस, हायड्रा. बोट जुनी आणि लहान चालेल, फक्त मागचं कापडी छत धड हवं, कारण दुपारी सगळं कुटुंब त्या एका सावलीत बसतं.