तानपुरा दारात पॉलिश करून देणाऱ्यांपासून सांभाळा

मंडळी, आईचा तानपुरा मिरजेचा, तीस वर्षं घरात आहे, आणि गेल्या महिन्यात मी तो माझ्याच डोळ्यांसमोर खराब करून घेतला, म्हणून हे लिहितेय. एक माणूस दारात आला, म्हणाला आम्ही मिरजेचे, वाद्यं साफ करून वर लाखेचं कोटिंग देतो, परत हात लावायला नको. साडेतीन हजार म्हणाला, तीन हजारावर आला. २०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून हे नाव सगळ्यांना माहीत झालंय, मीही तेवढ्यावरच विश्वास ठेवला.

त्याने कॅनमधलं काहीतरी कापसावर घेऊन भोपळ्यावर घासलं आणि कापूस माझ्यापुढे धरला, तांबडा-तपकिरी झालेला, "बघा ताई, तीस वर्षांचा मळ!" मला पटलंच ना. मळ काळपट असतो हो, तांबडा नसतो, पण त्या क्षणी हे सुचलंच नाही.

तो मळ नव्हता, पॉलिशच निघत होतं. नंतर मिरजेच्या कारागिरांना फोटो पाठवले तेव्हा त्यांनी समजावलं की जुनं पॉलिश चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेलं असतं, म्हणजे परत स्पिरिट लागलं की ते सुटणारच, आणि थिनर लागला तर पट्टीवरचं सेल्युलॉइडचं नक्षीकामही मऊ पडतं. आमच्या तानपुऱ्याच्या नक्षीतली दोन पानं खरंच पांढुरकी पडून कडेने उचललीत. वर त्याने लाख नाहीच लावली, फर्निचरचं वार्निश लावलं, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पृष्ठावर, तर इतकं जाड की आठवड्यानंतरही बोटाचा ठसा उमटतो आणि आवाज दबल्यासारखा येतो. आई जोडाच्या तारा छेडून बघते आणि काही न बोलता गवसणी घालून ठेवते.

कारागीर म्हणाले रोजच्याला सुका मऊ सुती कपडा पुरे, घोडीजवळ (तारा जिच्यावर टेकतात ती) तारांखाली कोरडा ब्रश, पाणी नाही, काच पुसायचं लिक्विड तर अजिबात नाही. कोणी पॉलिश करतो म्हणालाच तर बाटलीत काय आहे ते आधी विचारा, आणि भोपळ्याच्या खालच्या बाजूला न दिसेल अशा जागी जरासं लावून बघा, कापूस रंगला की तिथेच थांबवा.

माझ्याकडे पावती नाही, पैसे रोख दिले, नंबर बंद येतोय. वार्निश खरवडून नवीन लाख चढवायला तानपुरा मिरजेला पाठवतेय, भोपळा नीट पॅक करून नेणारं कोणी पुण्यातून जाणार असेल तर कळवा.