चाळीस वर्षांनी बी साइड लागली: डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स'

आमचा आत्येभाऊ सांगलीच्या वालचंद कॉलेजला होता, हॉस्टेल सोडताना कॅसेटींचं खोकं आमच्या गावभागातल्या घरी टाकून गेला ते परत न्यायलाच आला नाही. त्यात ही होती. डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडचा १९८५ चा अल्बम, जगभर तीन कोटींच्या वर खपला म्हणे, पण आमच्या घरी तिची ए साइडच वाजली. साइड संपली की पेनानं रीळ गुंडाळायचं, परत 'मनी फॉर नथिंग'. एमटीव्ही म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तरी सुरुवातीला 'आय वॉन्ट माय एमटीव्ही' म्हणणारा पाहुणा गायक स्टिंगचा आवाज आला की अंगावर काटा यायचा.

कॅसेट २०१९ च्या पुरात गेली. परवा मोबाइलवर लावला तर साइड पलटायची भानगडच नाही, आपोआप पुढं गेला आणि मी गाडी आयर्विन पुलाजवळ बाजूला घेऊन ऐकत बसलो राव.

खरं सांगतो, 'वॉक ऑफ लाइफ'चा तो कीबोर्ड आता लग्नाच्या बँडसारखा वाटतो. 'मनी फॉर नथिंग' मात्र गिटारपुरतं अजून भारी आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी माइक चुकून जमिनीकडं तोंड करून राहिला होता म्हणून तो आवाज आला आणि नंतर तसाच्या तसा परत कुणाला जमलाच नाही. शब्दांचं म्हणाल तर ती दुकानातल्या कामगाराची बडबड आहे आणि त्यातली एक शिवी आता पोरांसमोर ऐकवत नाही.

बी साइडला चारच गाणी. 'राइड अक्रॉस द रिव्हर'मध्ये भाडोत्री सैनिक, 'द मॅन्स टू स्ट्राँग'मध्ये गुन्हे कबूल करणारा म्हातारा, आणि शेवटी टायटल साँग, ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड लढाईच्या वेळचं. ('वन वर्ल्ड' आहे आपलं मध्येच, सोडून द्या.) बँडचा गायक-गिटारवाला मार्क नॉफ्लर पिक (तारा छेडायची पट्टी) न घेता बोटांनी वाजवतो, एक सूर काढतो आणि तो विझेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत जवारी काढून (म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवून) झाली की कारागीर तंबोऱ्याची एक तार छेडून कान देऊन गप बसतो ना, तसंच. सोळाव्या वर्षी हे मला कंटाळवाणं वाटलं असतं, म्हणून कॅसेट पलटली नसेल.

ऐकायचा तर सीडी नाहीतर मोबाइलवरच ऐका. जुन्या एलपीत (तबकडीत) जागा पुरली नाही म्हणून बरीच गाणी कापलीत, हौसेनं जास्त पैसे मोजून घेऊ नका.