कड न कापणारा फ्रेमवाला, खडेबाजार

आजीच्या देवघरातली रविवर्म्याची लक्ष्मी यंदा पावसाळ्यात काचेला चिकटली. बेळगावच्या पावसात भिंतींना ओल सुटते, तिथं कागदाचं काय! खडेबाजारात आतल्या बोळात एक फ्रेमचं दुकान आहे, पाटी पुसलेली. तिथं गेलो. सोबत कॉलेजात केलेलं माझं एक एचिंगही, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेलं छापचित्र, नेलं, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या देवळाचं.

त्याच पत्र्याचा दुसरा छाप मागं एका फ्रेमवाल्याला दिला होता. त्यानं चारी कडा कापून ‘फिटिंग’ करून दिलं! जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं रेषा खायच्या, त्यांत शाई भरायची, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढलं की दाबाची चौकट कागदावर उठते. एचिंगची खूणच ती. कचऱ्यात गेली.

इथल्या काकांनी त्या उठावावर बोट फिरवलं. “मास्तर, ही कड ठेवायची बघा.” लक्ष्मीची जुनी पट्टी काढली तर खाली इंग्रजीत ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’. इतकी वर्षं हात जोडले, हे कधी दिसलं नव्हतं. छापखाना १८९४ला मुंबईत निघाला, पुढं कार्ला-लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे चित्र त्यानंतरचं.

काकांकडं घड्याळजीचं भिंग आहे. हल्लीच्या ऑफसेट छपाईचे ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत. लक्ष्मीच्या गालावरचे वेडेवाकडे, कारण ही छपाई दगडावरून केलेली: ठिपके दगडावर हातानं घातलेले, आणि एकेका रंगाला वेगळा दगड. ज्यांना देवळात पाय ठेवू देत नव्हते त्यांच्याही घरात देवी आली ती अशा छापांतून. मी मिरजेचा विषय काढला, १८०५ साली तिथं तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली होती. पण ते काम ॲसिडचं नव्हे, कोरणीचं. काकांना त्यात फार रस नव्हता, चहा मात्र मागवला.

काच सोडवताना कमळाचा थोडा रंग काचेवरच राहिला. तसं होईल म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं. आता काच आणि कागदाच्या मधे बारीक पट्टी घालून फट ठेवलीय.

उणं म्हणाल तर मागं साधाच पुठ्ठा लावतात, तो पिवळा पडतो; मी कोल्हापूरहून आम्लरहित आणून दिला. दोन फ्रेमचे १,९०० रुपये. आठ दिवस म्हणाले, तीन आठवडे लागले. आणि दुपारी एकनंतर जाऊ नका, जेवायला गेलेले काका चारलाच उगवतात.