घरचे सामान, बेकरीची भट्टी आणि आमचा नाताळ

नगरमध्ये आमच्या घराजवळच्या बेकरीत घरून सामान नेऊन दिले, तर नानकटाई भाजून मिळते. दिवाळीतही ही सोय असते. परंतु एका पगारावर बेताने चालणाऱ्या आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबाला तिचे मोल डिसेंबरमध्ये विशेष जाणवते, म्हणून सलग तीन नाताळांच्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

गेल्या वर्षी आम्ही 2 किलो मैदा, दीड किलो पिठीसाखर, दीड किलो वनस्पती तूप, थोडे बेसन आणि वेलदोडे नेले. सामान व भाजण्याची मजुरी मिळून खर्च 700 रुपयांच्या आत राहिला आणि जवळजवळ 5 किलो नानकटाई घरी आली. तेवढी तयार विकत घेणे आम्हाला परवडलेच नसते.

तूप-साखर फेसून पीठ मळण्याचे काम कारागीर यंत्रावर करून देतात. गोळे वळण्यासाठी मात्र टेबलाची एक बाजू आम्हाला मोकळी करून देतात, आणि या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. सासूबाई गोळे वळतात, मुले मधोमध चारोळी दाबतात आणि हात चालू असताना सासूबाई बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानातली येशूची जन्मकथा सांगतात. गव्हाणीचा प्रसंग मुलांना पाठ आहे. त्यापुढचा, मरीया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन गेले तेव्हाचा प्रसंग त्यांनी इथेच प्रथम लक्ष देऊन ऐकला: कोकरू अर्पण करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी यहुदी नियमशास्त्रात होले किंवा पारवे हे पक्षी देण्याची जी सवलत होती, तेच अर्पण त्या दोघांनी केले. ‘म्हणजे येशूच्या घरीही पैसे नव्हते?’ असे धाकटीने विचारले, तेव्हा नव्या कपड्यांचा हट्ट तिने आपणहून सोडला.

भाजणी उत्तम असते. नानकटाई खुसखुशीत होते, वर बारीक तडे जातात आणि तळ करपत नाही. गरम असताना ती फार ठिसूळ असते, त्यामुळे पत्र्यावरच पूर्ण निवू द्यावी आणि मगच डब्यात भरावी. झाकण घाईने लावल्यास आत वाफ धरून ती मऊ पडते. डबे आपले आपणच न्यावे लागतात.

उणीव एकच, पण ती खरी आहे. 22 डिसेंबरनंतर गर्दी इतकी वाढते की पत्र्यांची अदलाबदल होते. पहिल्या वर्षी आमचा एक पत्रा दुसऱ्याच कुटुंबाकडे गेला आणि त्यांची फिकी, कमी तुपाची नानकटाई आमच्याकडे आली. मालकांनी मजुरी परत केली; तरी प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावण्याची पद्धत त्यांनी अजून सुरू केलेली नाही, ती करायला हवी.

दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून आम्हाला फराळाची ताटे येतात, त्या सर्वांकडे 25 तारखेची उपासना आटोपल्यावर करंज्यांसोबत ही नानकटाई जाते. पूर्वी चार घरांनंतर डबा रिकामा होत असे. गेल्या वर्षी अकरा ताटे भरली आणि दानार्पणासाठी बाजूला काढलेल्या पैशांना हात लावावा लागला नाही. यंदा आम्ही 17 डिसेंबरची सकाळची वेळ ठरवून आलो आहोत. त्या वेळी भट्टी मोकळी असते आणि टेबलही पूर्ण मिळते.