पाटी २ एचपीची, मोटर भलतीच

भंगारातून बेल्ट ग्राइंडर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर लोखंड घासायचं यंत्र, बनवायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. चौकट जुन्या चॅनेलची, ताण द्यायला मोडीतल्या दुचाकीची स्प्रिंग, पट्टा २ इंच रुंद नि ७२ इंच लांब. एवढं सगळं नीट जमलं. फसलो तो मोटरीत.

भंगारवाल्याकडे ताजा हिरवा रंग मारलेली मोटर होती. पाटीवर २ एचपी, २८८० आरपीएम, फ्रेम (मोटरीच्या मापाचा आकडा) ९०. त्याने वायर जोडून मिनिटभर फिरवून दाखवली. खरखर नाही, थरथर नाही. "बघा, लोण्यासारखी चालतेय!" मोकळी मोटर फिरली म्हणजे फार तर बेअरिंगं बरी आहेत एवढं कळतं, ताकद कळत नाही. हे मला माहीत होतं, पण पाटी वाचून मी आधीच विरघळलो होतो. सगळं अंग रंगवलेलं आणि पाटीचे रिव्हेट मात्र कोरे चकचकीत, हेही दिसलं होतं. वाटलं, रंगवताना पाटी काढली असेल.

९० फ्रेमला शाफ्ट २४ मिलीमीटरचा येतो, म्हणून पट्टा फिरवणाऱ्या चाकाचं भोक मी तक्ता बघून २४ चं करून घेतलं. बसवायला गेलो तर चाक डगडग हलतंय. शाफ्ट निघाला १९ चा. इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी मधली फट भरायला बुश, म्हणजे पोकळ नळी, केला! भंगारवाल्याची लबाडी मी स्वतःच्या हाताने, लेथवर, छान फिनिशिंग देऊन झाकली. फ्रेमचा आकडा म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलीमीटरमध्ये. खरेदीच्या वेळी खिशात टेप होता. नंतर मोजली, तर ८० भरली.

पट्टा चालला, पण मरगळलेला. ४ इंची चाकावर २८८० फेऱ्यांना पट्टा सेकंदाला १५ मीटर धावायला हवा. मी आधी चाकाला दोष दिला, मग पट्ट्याला. शेवटी फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर लावला: बिनभाराच्या १४९० फेऱ्या. ५० हर्ट्झवर दोन पोलची (चुंबकी ध्रुवांची) मोटर मोकळी असताना ३००० च्या आसपास फिरते. म्हणजे ही चार पोलची, निम्म्या वेगाची होती आणि पाटी दुसऱ्याच कुठल्या तरी मोटरीची.

तरीही हळूहळू का होईना, काम होईल म्हणून एक जाड पाती दाबून घासायला घेतली. थोड्याच वेळात व्हार्निश जळाल्याचा वास आला आणि मोटर धुरात गेली.

उघडल्यावर आतली तार तांबूसच दिसत होती. एका टोकाचं एनामल पात्याने खरवडलं, तर खाली पांढरी. ॲल्युमिनियम. आता ॲल्युमिनियमची वाइंडिंग म्हणजे फसवणूकच असं नाही, काही नव्या मोटरीही तशा येतात. पण तेवढाच प्रवाह न्यायला ही तार तांब्यापेक्षा जाड लागते. इथे ती तांब्याच्या मापातच भरली होती, आणि विकताना "प्युअर कॉपर" म्हणून शपथ घेतली होती.

परत गेलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, भंगारात गॅरंटी कसली?" मग स्वतःहूनच, जळकी मोटर वजनावर परत घेतो म्हणाला. एवढी तत्परता पाहून मला उमगलं की ती कुठे जाणार. मोटर दिली नाही. पाटी उपटून व्हाइसमध्ये धरली आणि हातोड्याने दुमडून टाकली.