कासच्या फुलांसाठी जुना निकॉन डी३३००

२०,००० रुपयांच्या आतला नवा कॅमेरा, वर '४८ मेगापिक्सेल, ४के' अशी पट्टी, असं काही दिसलं तर तिकडे ढुंकूनही बघू नका. या डब्यांत सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) नखाएवढा असतो आणि मेगापिक्सेल बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने फुगवलेले. फोटो खिशातल्या फोनपेक्षा वाईट आला तर नवल नाही. तेवढ्याच पैशांत सेकंडहँड डीएसएलआर बसवता येतो. साताऱ्यात राहून कास, ठोसेघर, सज्जनगड करणाऱ्याला आम्ही सुचवू तो निकॉन डी३३०० आणि त्याच्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची व्हीआर २ किट लेन्स.

मॉडेल २०१४ चं आहे. पण सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, २४.२ मेगापिक्सेलचा, आणि त्यावर लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारी काच) नाही, त्यामुळे देठावरची लवसुद्धा सुटी दिसते. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त वापरा, ३२०० पर्यंत चालवून घ्या.

कासवर खरी कसोटी लेन्सची. ऑटोफोकसवर ही लेन्स २८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, तेही सेन्सरपासून मोजून, म्हणजे लेन्सचं तोंड फुलाच्या बरंच जवळ येतं. झूम ५५ वर लावून तिथून टिपलं की चौकटीची रुंदी साधारण ७८ मिलिमीटर भरते. सीतेच्या आसवांचं सेंटीमीटरभर फूल त्यात आठव्या हिश्शात, ७७० पिक्सेलमध्ये बसतं. फोनवर बघायला झकास, कापून छापायला साडेसहा सेंटीमीटर. त्याहून मोठं हवं तर लेन्सच्या तोंडावर ५२ मिलिमीटरचा क्लोज-अप फिल्टर (भिंगाची काच) लावा. स्वस्तातल्या बिनकॉन्टॅक्टच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) घेऊ नका: या लेन्सला ॲपर्चरची (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांची) रिंग नाही, कॅमेऱ्याशी संबंध तुटला की पाती मिटलेलीच राहतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. पठारावर वारा सतत असतो. व्हीआर हाताची थरथर थांबवतो, फुलाची नाही, तेव्हा शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका.

खटकतं ते असं. स्क्रीन वळत नाही, त्यामुळे जमिनीलगतच्या फुलासाठी वाटेवर अक्षरशः लोळण घ्यावी लागते. डी५३०० ची स्क्रीन वळते, त्यात वायफायही आहे. दीड-दोन हजारांच्या फरकात मिळाला तर तोच उचला. डी३३०० ला वायफाय नाही, फोनसाठी ओटीजी कार्ड रीडर लागेल. शिवाय बॉडीत फोकसची मोटर नाही. एएफ-डी, म्हणजे स्वतःची मोटर नसलेली लेन्स स्वस्त दिसते म्हणून घेतली तर फोकस हातानेच करत बसाल. लेन्सवर एएफ-एस (म्हणजे आत मोटर) लिहिलंय ना, बघा.

आता तपासणी. विकणाऱ्याकडून आधी एक ताजा फोटो मागवा, पण व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. नुसता फोटो पाठवला तर आतली माहिती पुसली जाते. निकॉनच्या जेपेगमध्ये शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) असतो, पण तो एक्झिफ म्हणजे फोटोतली माहिती दाखवणाऱ्या प्रत्येक साधनात दिसत नाही, निकॉनच्या खास नोंदीही वाचणारं साधन लागतं. शटर १,००,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. ३०,००० च्या आत असेल तर उत्तम, ७०,००० च्या पुढे असेल तर भाव पाडा. 'घरातच वापरला, बारशाला काढला होता फक्त' हे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. लग्नाची कामं केलेली बॉडी इथेच उघडी पडते.

प्रत्यक्ष भेटीत लेन्स काढा. मागे एक छोटी धातूची पट्टी दिसेल, ती बोटाने सरकवली की पाती उघडतात. पुढून मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागून बघा. धुळीचे चार कण सोडून द्या. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक मुळांसारखे धागे दिसले, तर ती बुरशी. पावसाळाभर बॅगेत कोंडलेल्या लेन्सला ती हमखास धरते आणि काचेवरचं कोटिंग खाते. किट लेन्स साफ करून घेण्यापेक्षा दुसरी घेणं परवडतं.

मग लेन्स लावून एफ/२२ वर (भोक अगदी बारीक करून), फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती निघते. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढला तर पेटलेले (अंधारातही चमकणारे) पिक्सेल कळतील. बॅटरी सहज बाहेर येते का पाहा. अडकत असेल तर ती फुगलीय. फोटो निघतच नसेल तर लगेच बिघाड समजू नका. ही लेन्स दुमडते, बाजूचं बटण दाबून झूम रिंग फिरवल्याशिवाय कॅमेरा काम करत नाही. विकणाऱ्यालाही हे कधीकधी ठाऊक नसतं, आणि मग भाव आपोआप उतरतो.

घरी आणल्यावर बॅगेत ठेवू नका. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर भाजून घ्या, स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, वेगळ्या जुन्या तव्यावर. साताऱ्याच्या जुलैत उन्हाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.