दिवाणी प्रक्रिया शिकायला काय घ्यावं: गाईड, मूळ कायदा, भाष्यग्रंथ, व्हिडिओ की कोर्टातला बाक?

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मध्ये 158 कलमं आहेत आणि पहिल्या अनुसूचीत 51 आदेश, म्हणजे विषयवार लावलेले नियमांचे गट. पहिल्यांदा पुस्तक हाती घेणारा कलमांतच रेंगाळतो. दावा रोज चालतो तो मात्र आदेशांच्या नियमांवर. म्हणून प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारायचा: हे मला आदेशांपर्यंत नेतं का?

तुलनेसाठी कोकणात नेहमी दिसणारा दावा घेऊ. देवगड तालुक्यातली वडिलोपार्जित हापूसची बाग, शिवाय ठाण्यात एक फ्लॅट. एक भाऊ गावी, दोघे मुंबईत. गावचा भाऊ वाटपाचा दावा लावतो आणि बाग परस्पर विकली जाऊ नये म्हणून निशाणी 5 चा (दाव्याच्या फायलीत या अर्जाला पडणारा क्रमांक) मनाईचा अर्ज देतो. बागेत कूळ असल्याचा दावा करणारा एक शेजारीही उभा राहतो.

गाईड इथे पहिल्या दहा मिनिटांत उपयोगी पडतं. कलम 10 (त्याच मुद्द्यावर आधीचा दावा चालू असताना नवा थांबवणं) आणि कलम 11 (निकाल लागलेला मुद्दा पुन्हा न चालवणं) यांतला फरक, कलम 96 चं पहिलं अपील आणि कलम 100 चं दुसरं अपील हे तक्त्यात छान बसतं आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण जुन्या गाईडांत, आणि त्यांवरून फिरणाऱ्या झेरॉक्समध्ये, महाराष्ट्रापुरतं असलेलं कलम 9अ (कोर्टाच्या अधिकाराचा मुद्दा आधी ठरवण्याचं) अजून जिवंत असतं. राज्याने ते 1977 मध्ये घातलं आणि 2018 मध्ये काढून टाकलं. विकत घेण्याआधी तेवढं पान उघडा. ते रद्द झाल्याचा उल्लेख नसेल तर पुस्तक जागेवर ठेवा, कारण बाकीचंही तितकंच शिळं असणार.

मूळ कायद्याची प्रत मात्र प्रत्येकाकडे हवीच. कलम 122 खाली उच्च न्यायालयाला नियम बदलता येतात, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे बदल त्या त्या नियमाखाली छापलेले आहेत का, हे पाहून घ्या. आपल्या दाव्यातला पहिला प्रश्न ही प्रत चोख सोडवते: मिळकती दोन कोर्टांच्या हद्दीत, तरी कलम 17 मुळे एकाच कोर्टात दावा चालतो. दुसरा प्रश्न समन्सचा. प्रतिवादी घरी मिळत नाही म्हणून बेलीफ दारावर समन्स डकवतो, ते आदेश 5 नियम 17. कोर्टाच्या हुकमाने बदली बजावणी, म्हणजे नेहमीच्या ऐवजी दुसऱ्या मार्गाने समन्स पोचवणं, होते, ते नियम 20. विद्यार्थी या दोहोंची हमखास गल्लत करतात, कारण गाईडमध्ये दोन्ही एकाच शीर्षकाखाली असतात. एकतर्फी मनाईचंही तसंच. आदेश 39 नियम 3 च्या परंतुकाप्रमाणे (नियमाला जोडलेल्या अटीप्रमाणे) मनाई मिळताच अर्ज, दावा आणि कागदपत्रांच्या नकला प्रतिवादीला पाठवायच्या आणि तसं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यायचं. हे परंतुक वाचल्याशिवाय निशाणी 5 समजली असं म्हणू नये.

नुसती ही प्रत मात्र पुरत नाही. प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा तोल आणि न भरून येणारं नुकसान या मनाईच्या तीन कसोट्या आदेश 39 मध्ये शोधून सापडणार नाहीत. त्या निकालांतून आल्या आहेत. तिथे भाष्यग्रंथ लागतो. कैफियतीच्या, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या, मुदतीचंही तेच. आदेश 8 नियम 1 म्हणतो 30 दिवस, कारणं नोंदवून फार तर 90. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ही मर्यादा साध्या दाव्यांत बंधनकारक नसून निर्देशात्मक, म्हणजे सबळ कारण असल्यास वाढवता येणारी, ठरवली; वाणिज्यिक दाव्यांत मात्र 120 दिवसांनंतर दरवाजा बंद. नुसता नियम वाचणारा इथे चुकीचं उत्तर लिहितो. तरीही भाष्यग्रंथाचे जाडजूड खंड विकत घेऊ नका, ग्रंथालयात बसून एकेक नियम काढून वाचा.

आपल्या दाव्यातलं कूळ तर संहितेच्या बाहेरच आहे. कुळाचा मुद्दा ठरवायचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 85अ प्रमाणे तो मुद्दा काढून महसुली अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. मूळ कायद्यात कलम 9 च्या (दिवाणी कोर्टाने कोणते दावे चालवायचे ते सांगणाऱ्या) समासात हे पेन्सिलने लिहून ठेवा. कोकणात वकिली करायची असेल तर ही ओळ वारंवार लागणार आहे.

व्हिडिओ व्याख्यानांबद्दल थोडक्यात: उजळणीला ठीक, पण बहुतेक संपूर्ण देशासाठी केलेली असतात. राज्याच्या दुरुस्त्या आणि कुळकायदा त्यांत क्वचितच येतो. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा आधीच डाउनलोड करून ठेवा.

राहिला कोर्टातला बाक. त्याला पैसे पडत नाहीत आणि कलम 153ब प्रमाणे न्यायालय जनतेसाठी खुलं असतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आदल्या रात्री आपल्या तालुका कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या दाव्यांची यादी) पाहा आणि तीन दिवाणी दावे निवडा: एक निशाणी 5 च्या सुनावणीचा, एक मुद्दे काढण्याचा, एक उलटतपासाचा. प्रत्येकाचा 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (ॲपवर तो दावा शोधायचा खास क्रमांक) वहीत उतरवा. सकाळच्या पुकाऱ्यात बहुतेक मुदतीचेच, म्हणजे पुढची तारीख मागणारे, अर्ज दिसतील, म्हणून हिरमोड करून उठू नका. तोही आदेश 17 चाच धडा आहे. घरी येऊन ॲपवर त्या दाव्याच्या मागच्या तारखा पाहा आणि प्रत्येक तारखेपुढे आदेश आणि नियम लिहा. ‘विना कैफियत’ ही नोंद दिसली की आदेश 8 नियम 10 आपोआप पाठ होतो. उन्हाळी सुट्टी मेमध्ये असते, तेव्हा एप्रिलच्या आत जाऊन या.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर नवं गाईड आणि शेजारी मूळ कायदा, एवढंच करा. वर्ष हातात असेल तर क्रम उलटा: मूळ कायद्यातले आदेश 5 ते 9, 14, 18, 20 आणि 39, आठवड्याला कोर्टाची एक फेरी, अडलं तिथे भाष्यग्रंथ आणि शेवटच्या महिन्यात गाईड. आदेश 21 चे नियम 106 आहेत. ते सरळ वाचत सुटू नका. एक चालू दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं प्रकरण) शोधा, नियम 11 च्या अर्जापासून सुरुवात करा, मग 54 ची जप्ती, मग 97 ते 101 मधला ताब्याचा अडथळा. आपल्या बागेचं वाटप मात्र त्या वाटेने जात नाही: सारा भरणारी जमीन असल्यामुळे कलम 54 प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि ठाण्याचा फ्लॅट कोर्टाकडेच राहतो.